नसलेली पायरी

नवा चष्मा लागल्याच्या तिसऱ्या दिवशी मी घराच्या ओट्यावरून एक नसलेली पायरी उतरलो.

असलेली पायरी चुकणं वेगळं. त्यात माणूस पडतो, गुडघा फुटतो, लोक धावून येतात, कोणी हळद आणतं, कोणी सल्ला आणतं. नसलेली पायरी उतरण्यात असलं काही सुख नाही. पाय खाली जायला निघतो, जमीन त्याला अर्ध्या वाटेतच भेटते आणि तो धक्का टाच, गुडघा, कंबर, मान असे सगळे थांबे घेत थेट दाढेपर्यंत पोचतो. रक्त नाही, सूज नाही, दाखवायला काहीच नाही. समोरच्या ओट्यावर बसलेल्या आप्पांना एवढंच दिसलं की एक अठ्ठावन्न वर्षांचा निवृत्त माणूस सपाट गल्लीत घोड्यासारखा पाय आपटून उभा राहिला आहे.

"काय भाऊ," आप्पा म्हणाले, "कुठी पाहून चालून राह्यले?"

आप्पा गावाला अजून जुन्या नावानं एदलाबादच म्हणतात, त्यामुळे नव्या गोष्टींबद्दल त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. तरी मी सांगितलं की चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. म्हणजे एकाच काचेत वर लांबचा नंबर, खाली वाचायचा, आणि मधे एकातून दुसऱ्यात कधी गेलो हे कळू नये अशी सोय. ते कळत नाही याचेच जास्त पैसे पडतात. दुकानातल्या पोरानं बजावलं होतं, "काका, पायरी पाहायची तर डोळे खाली नाही करायचे, मान खाली करायची." डोळे खाली केले की पाय वाचायच्या काचेत जातात, आणि हातभर अंतरावरच्या पेपरासाठी घासलेल्या काचेतून पाच फूट खालचा पाय पाहिला, की तो फुगलेला आणि पुसट दिसतो. पण मान खाली घालून चालणारा माणूस आमच्याकडे एक तर मुलीकडचा असतो, नाही तर निवडणुकीत पडलेला. मी दोन्ही नव्हतो. म्हणून ताठ मानेनं उतरलो आणि तोंडावर आपटता आपटता वाचलो.

"मंग जुन्या चष्म्यानं पायरी दिसे का तुम्हाले?" आप्पांनी विचारलं.

दिसत होती, असं मी म्हणालो. पुढचे आठ दिवस मी वाचत बसलो (वाचायची काच तेवढी उत्तम आहे) आणि कळलं की मी खोटं बोललो. पायरी मला कधीच दिसत नव्हती. मी ती ओळखत होतो.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडणारं चित्र पोस्टकार्डासारखं असतं: लांबी आहे, रुंदी आहे, खोलीच्या नावानं शून्य. वर ते उलटं. या एवढ्या कागदपत्रांवर मेंदूनं पायरी किती खोल, गाय किती लांब आणि समोरून येणारा ट्रक आधी पोचेल की आपण, हे ठरवायचं. आमच्याकडच्या बायकांना हा प्रकार नवा नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत खानदेशात भुलाबाई बसते, पोरी घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखायचा असतो. डबा झाकलेला. मग तो हलवायचा. खुळखुळ वाजला तर फुटाणे, थपथप वाजला तर शिरा, काहीच वाजला नाही तर पेढे किंवा त्या घरची कंजुषी. मेंदू हेच करतो. डबा त्याला कधीच उघडून मिळत नाही. तो हलवतो आणि ओळखतो. फरक एवढाच की भुलाबाईतली पोरगी "फुटाणे का?" असं विचारते, आणि मेंदू विचारत नाही, जाहीर करतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानं १८६७ च्या सुमाराला आपल्या भल्यामोठ्या ग्रंथात हेच मांडलं: पाहणं म्हणजे नकळत काढलेलं अनुमान. त्याला भुलाबाई ठाऊक असती तर ग्रंथ बराच आटोपशीर झाला असता.

डबा हलवायच्या मेंदूच्या तऱ्हा पुष्कळ आहेत. पहिली दोन डोळ्यांची. दोघांमध्ये साधारण साडेसहा सेंटिमीटरचं अंतर, त्यामुळे प्रत्येकाला जग थोडं वेगळं दिसतं, आणि त्या वेगळेपणातून मेंदू खोली काढतो. हे चार्ल्स व्हीटस्टन यानं १८३८ मध्ये दाखवून दिलं. हा तोच, ज्याचा सेतू बारावीच्या भौतिकशास्त्रात आपल्याला ओलांडता आला नाही. त्यानं दोन आरसे लावून दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवली आणि सपाट रेघांचा एकदम ठोकळा उभा राहिला. याची परीक्षा घरी करता येते. दोन हातांत दोन पेनं घ्या, एक डोळा मिटा आणि टोकाला टोक लावा. मी हा प्रयोग बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर करून दाखवला. चहावाल्यानं पेनं बाजूला ठेवली, एक डोळा मिटला, आणि हातभर उंचीवरून चहाची धार बरोबर ग्लासात सोडली. शास्त्र हरलं. नंतर लक्षात आलं की त्याचा ग्लास पंचवीस वर्षं त्याच जागी ठेवलेला असतो. त्याला डोळ्यांची गरज फक्त उधारी कोण बुडवतंय हे पाहायला लागते.

पण अंतर मोजण्याचं आमच्याकडचं खरं यंत्र म्हणजे गाडी मागे घेताना पाठीमागे उभा राहणारा माणूस. केळीचा ट्रक शेतातून वळवायचा असो की लग्नाच्या मांडवात टेम्पो घालायचा असो, तो कुठून तरी उगवतो. त्याला कोणी बोलावलेलं नसतं. तो एका हातानं हवा ओढत म्हणतो, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… डावा मारा… अजून… येऊ द्या…" आणि मग "बस!" हा "बस" आणि धडक यांच्यात किती वेळ जातो याचं मी बरंच निरीक्षण केलं आहे. बहुतेक वेळा जात नाही. "येऊ द्या" हा अंदाज असतो, "बस" हे वर्तमान असतं. तरी ड्रायव्हर आरशात न पाहता त्याच्याकडेच पाहतो. माणसाचा माणसावर विश्वास उरलेला नाही असं म्हणणाऱ्यांनी आमच्याकडे येऊन एक ट्रक मागे घेऊन पाहावा.

दुसरी तऱ्हा हालचालीची. रावेरच्या बाजूला जाणाऱ्या एसटीत खिडकीजवळ बसा. दोन्ही अंगांना केळी, पाच-पाच फुटांवर लावलेली, ओळीत. बस चालू लागली की त्या ओळी जपानी पंख्यासारख्या उघडतात आणि मिटतात. जवळचे विजेचे खांब सुसाट मागे पळतात, केळी जरा सावकाश, त्यामागचं एखादं निंबाचं झाड रमतगमत, आणि पार मागचा सातपुडा मुळीच मागे जात नाही, तो आपल्यासोबत येतो. जे जोरात पळतं ते जवळचं, जे सोबत येतं ते लांबचं, हा मेंदूचा हिशेब. (नातेवाइकांच्या बाबतीतही तो बऱ्यापैकी लागू पडतो, पण तो विषय आज नको.) माझ्या चार वर्षांच्या नातीनं विचारलं होतं, "आबा, डोंगर पळूनच येतो तर मग बसमध्ये का नाही बसत?" मी म्हटलं, त्याला पास नाही.

हाच सातपुडा उन्हाळ्यात धुळीनं फिकट होऊन इतका मागे सरतो, की तो मध्य प्रदेशाला देऊन टाकला की काय असं वाटतं. आणि पावसाची एक दणदणीत सर येऊन गेली की झाडन् झाड मोजता येईल असा रावेरच्या पाठीशी येऊन उभा राहतो. डोंगर तिथंच असतो. मधली हवा धुतली जाते. फिकट म्हणजे लांब, ठळक म्हणजे जवळ, असं मेंदूनं एकदा धरून ठेवलेलं आहे. एका श्रावणात पुण्याहून आलेल्या मेव्हण्यानं आमच्या गच्चीवरून डोंगर पाहून "संध्याकाळी पायी जाऊन येऊ" असा बेत केला होता. मी अडवलं नाही. पाहुण्याचं मन मोडू नये. तो तापीचा पूलही न गाठता रिक्षानं परत आला.

वाटेत त्यानं लोकांना विचारलंही होतं म्हणे. पण आमच्याकडे अंतर आकड्यात सांगत नाहीत, स्वरात सांगतात. "हे काय" म्हणजे एक किलोमीटर. "हे काऽय" म्हणजे तीन. "हे तिकडेऽऽ" म्हणजे जेवून निघा. सोबत हातही पाहावा लागतो: हात खांद्याच्या वर गेला तर एसटी, डोक्याच्या वर गेला तर रेल्वे. मेव्हण्यानं फक्त शब्द ऐकले.

नुसतं लांब-जवळ कळून भागत नाही. समोरच्या पसाऱ्यात कोण कोणाबरोबर आहे हेही मेंदूला लावावं लागतं. माक्स व्हर्थायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाला १९१० मध्ये म्हणे आगगाडीत बसल्या बसल्या हालचाल कशी दिसते याबद्दल काही सुचलं, तर तो सुट्टीवर जायचा सोडून मध्येच फ्रँकफर्टला उतरला आणि बाजारातून एक खेळणं विकत घेऊन प्रयोग करत बसला. (घरी काय सांगितलं असेल?) १९२३ मध्ये त्यानं मेंदूचे जुळवाजुळवीचे नियम मांडले: जवळजवळ असलेलं एकत्र, सारखं दिसणारं एकत्र, आणि एका दिशेनं चाललेलं एकत्र. मला हे नियम माघातल्या मुक्ताईच्या यात्रेत कळले. मामांना मी गर्दीत हरवलं होतं. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर, कपाळी बुक्का, एवढं त्यांचं वर्णन. पोलिसानं ते ऐकून घेतलं, समोरच्या दिंड्यांकडे हात केला आणि म्हणाला, "घेऊन जा त्यातले हवे तेवढे." सारखं ते एकत्र या नियमानं सगळे मामा एक झाले होते. पण तिसऱ्या नियमानं मला वाचवलं. सगळ्या टोप्या देवळाच्या दिशेनं सरकत होत्या आणि एकच टोपी उलटी, भज्यांच्या गाडीकडे निघाली होती.

अजिंठ्याच्या कलावंतांना ही जुळवाजुळव जर्मन प्राध्यापकाच्या दीड हजार वर्षं आधी कळली होती. लेणं आमच्या जिल्ह्यात नाही, हे आम्ही जळगावकर मनावर घेत नाही. पाहुणे आले की त्यांना तिकडेच नेतो. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच. आपण ज्या हरणाकडे पाहावं त्याला ते डोकं बसतं. बसलेल्याकडे पाहिलं तर त्याचं, मान वळवलेल्याकडे पाहिलं तर त्याचं. बाकीची तिघं त्या वेळेपुरती बिनडोक राहतात आणि आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही. मेंदूला एका वेळी एकच हरीण पुरं करता येतं. आमची सौ. बराच वेळ त्या खांबाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "अहो, हे तुमच्या चार भावांसारखंच आहे." कोणाच्या वाट्याला डोकं, हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

आतल्या भिंतींवर तर नुसत्या रंगानं गाल फुगवले आहेत आणि गळ्याखाली खळगा पाडला आहे. विष्णुधर्मोत्तरात चित्रकाराची परीक्षाच अशी सांगितली आहे की ज्याला उंच-सखल दाखवता येतं तो खरा जाणकार. आता हे डबा हलवणं नव्हे. हे रिकाम्या डब्यात मुद्दाम फुटाण्यांचा आवाज भरणं. आमच्या चाळीसगावच्या केकी मूस यांनी हेच काम कॅमेऱ्यानं केलं. हा माणूस वर्षानुवर्षं घरातून बाहेर पडला नाही. बसल्या जागी टेबलावर चिमुकले देखावे मांडायचा आणि त्यांचे फोटो काढायचा. शेजारी मापाला ओळखीची वस्तू नसली की पाहणाऱ्याचा मेंदू टेबलाचं मैदान करून मोकळा होतो. जग पाहायला लोक तिकीट काढतात. मूसांनी ते दीड हात लाकडावर बसवलं.

आणि आमच्या मुक्ताईचं काय सांगावं! त्यांच्या एका प्रसिद्ध अभंगातली मुंगी आभाळात उडते आणि सूर्याला गिळून टाकते. तो अभंग अध्यात्माचा आहे, त्याचे अर्थ कीर्तनकारांनी सांगावेत. मी फक्त हिशेब केला. सूर्य चौदा लाख किलोमीटर रुंद, पण पंधरा कोटी किलोमीटर लांब. त्यामुळे आपल्या डोळ्यापाशी त्याचा कोन होतो जेमतेम अर्धा अंश. तीन मिलिमीटरची मुंगी डोळ्यापासून फूटभर अंतरावर आली तर तिचाही कोन अर्धा अंश, थोडा जास्तच. म्हणजे सूर्य गिळायला मुंगीला मोठं व्हावं लागत नाही, नुसतं जवळ यावं लागतं. हे मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "हे तं आमाले साहेबाच्या पीए-कडे पाहूनच कयलं व्हतं."

सूर्याकडे पाहू नये, म्हणून मी प्रयोग चंद्रावर केला. कोजागिरी होती. भुलाबाईचा शेवटचा दिवस, गच्चीवर गाणी झालेली, डबा वाजवून झालेला (काजूकतली, कोणालाच ओळखता आली नाही, कारण आवाजच नव्हता), आणि पूर्वेला केळीच्या वर परातीएवढा, नारिंगी चंद्र आलेला. मी घरातून मूठभर तूर आणली आणि सगळ्यांना एकेक दाणा वाटला. एक डोळा मिटा, हात पूर्ण लांब करा, दाणा चंद्रावर धरा. तुरीच्या दाण्यानं परातीएवढा चंद्र झाकून टाकला. सून म्हणाली, "बाबा, हात थरथरतोय, म्हणून झाकला वाटतो." पुन्हा केलं. पुन्हा झाकला.

दहा वाजता दूध आटलं तोवर चंद्र बराच वर चढला होता आणि वाटीएवढा झाला होता. मी पुन्हा तूर वाटली. तोच दाणा, तोच हात, तेवढंच झाकणं. चंद्र लहान झालेलाच नव्हता. उलट खाली असताना तो पृथ्वीच्या त्रिज्येएवढा, म्हणजे सहा हजारांवर किलोमीटर, आपल्यापासून जास्त लांब असतो; खरं तर तेव्हा तो किंचित लहानच दिसायला हवा. तरी परात दिसते. असं का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. बहुतेक असं, की मधे केळी, घरं, तारा, पाण्याची टाकी अशी मापं पडलेली पाहून मेंदू म्हणतो, एवढ्या लांबून एवढा दिसतो म्हणजे किती मोठा असेल! वर मोकळ्या आभाळात मापं नाहीत, मग त्याची हवाही निघून जाते. हे मी समजावून सांगत असताना गच्चीवर शांतता पसरली. मला वाटलं, पटलं. पाहिलं तर दूध ग्लासात ओतलं जात होतं.

मापं नसली की मेंदू असा बावचळतो. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरा कागद पाठवला, ही कथा आमच्या मातीतली. आणि त्या कोऱ्यावर पासष्ट ओव्या उमटल्या. आपल्या मेंदूला कोऱ्यावर पायऱ्या दिसतात.

अमेरिकेत एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० मध्ये रांगत्या बाळांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. टेबलावर जाड काच, मधे एक फळी, अर्ध्या भागात काचेला लागून खाली चौकडीचं कापड, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड खाली जमिनीवर. म्हणजे काच आहे, पडणार नाही, पण दिसतो कडा. सहा ते चौदा महिन्यांची ३६ बाळं. खोल बाजूनं आया हाका मारताहेत. मधल्या फळीवरून २७ बाळं हलली. खोल काचेवर गेली फक्त तीन. बाकीची काच थोपटून पाहायची, रडायची, आईकडे पाठ फिरवायची, पण डोळ्यांवरचा विश्वास सोडायची नाहीत.

गेल्या पौषात चांगदेव या गावी गेलो तेव्हा मी त्या बाळांसारखाच पायऱ्यांवर उभा होतो. तापी आणि पूर्णा तिथं एकत्र होतात आणि खाली हतनूर धरणाचं पाणी अडलेलं, त्यामुळे नदी नदीसारखी न वाटता तळ्यासारखी स्वस्थ. दर्शन झालं होतं, पाय धुवायचे होते. खालच्या पायऱ्या पाण्यात. पाण्यात पाहिलेली खोली खरी नसते, चार फूट असलं तर तीनच वाटतं, हे मला ठाऊक. वरून चष्मा. पाणी एक खोटं सांगणार, काच दुसरं, मेंदू तिसरं. सौ. खालून हाका मारत होती, "अहो, या ना, काही नाही!" नात काच थोपटावी तशी पाणी थोपटत होती. मी मान खाली घातली. पायरी दिसली, पण एकीच्या दोन दिसल्या. चष्मा काढला, एकही दिसेना.

शेवटी शिडीवरून उतरतात तसा मी पाठमोरा झालो. नदीकडे पाठ, देवळाकडे तोंड. निदान पाय तरी चाचपडत जाईल. आप्पा बरोबर आले होते, ते खाली पाण्याजवळ उभे होते. मला असं उलटं येताना पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी हात वर केला आणि हवा ओढायला सुरुवात केली.

"येऊ द्या… येऊ द्या, येऊ द्या… थोडा डावा मारा… अजून आहे… येऊ द्या…"

मी अख्ख्या आयुष्यात कोणावर इतका विश्वास टाकला नसेल. एकेक पायरी. टाच आधी, मग चवडा.

"येऊ द्या… येऊ द्या… बस!"

आप्पांनी "बस" म्हटलं तेव्हा मी गुडघ्याएवढ्या पाण्यात होतो. डावी चप्पल सुटली आणि सावकाश निघून गेली. ती तापीत गेली की पूर्णेत, यावर परतीच्या रिक्षात बराच वाद झाला.